लिफाफ्यातला दुसरा कागद : क्ष-किरण चित्र, टिपण आणि सव्वाशे वर्षांचा संवाद

१/
बीजगणितात जी राशी अज्ञात असते तिला आपण ‘क्ष’ म्हणतो. नोव्हेंबर १८९५ मध्ये जर्मनीतील व्युर्झबुर्ग येथे विल्हेल्म राँटगेन यांना जे किरण आढळले, त्यांचे स्वरूप त्यांनाही उमगले नव्हते. म्हणून त्यांनी गणितातले अज्ञाताचे अक्षर उचलून त्यांना ‘एक्स’ हे नाव दिले. मराठीने त्या अक्षराचे लिप्यंतर न करता त्यामागचा अर्थ ओळखला आणि ‘क्ष-किरण’ हा शब्द रूढ केला. किरणांचे कोडे पुढे उलगडले. १९०१ चे भौतिकशास्त्रातील पहिले नोबेल राँटगेन यांना मिळाले. दुसरा एक ‘क्ष’ मात्र प्रत्येक रुग्णालयात आजही रोज सोडवावा लागतो : चित्रात जे दिसले ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांपर्यंत नेमके कसे पोहोचवायचे? आजचा धागा या दुसऱ्या ‘क्ष’विषयी आहे. 🧵

२/
प्रश्न समजण्यासाठी मुलुंडचा नकाशा पुरेसा आहे. १९५७ साली बृहन्मुंबईची हद्द मुलुंडपर्यंत वाढली आणि हे गाव महानगराचे ईशान्य टोक झाले. येथील रुग्णासाठी जवळचे पालिका रुग्णालय म्हणजे एम. टी. अगरवाल. त्यापुढे घाटकोपरचे राजावाडी, नंतर शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय आणि सरतेशेवटी परळचे १९२६ साली स्थापन झालेले केईएम. आजार जितका गुंतागुंतीचा, तितके लोकलचे तिकीट लांबचे. फोटो स्टेशनजवळच्या केंद्रात निघतो, वाचतो तिथला रेडिओलॉजिस्ट आणि उपचार होतात परळला. चित्र वाचणारा आणि उपचार करणारा अनेकदा एकमेकांना आयुष्यात भेटत नाहीत. त्यांच्यामधला दुवा म्हणजे रुग्णाच्या काखेतला एक मोठा लिफाफा. त्यात दोन वस्तू असतात : फिल्म आणि एक कागद. इतिहास फिल्मचा लिहिला जातो. आपण त्या कागदाचा पाहू.

३/
आरंभी या कागदाची गरजच नव्हती. भारतीय उपखंडातील क्ष-किरणांच्या पहिल्या मोठ्या वापरांपैकी एक १८९७-९८ च्या तिराह मोहिमेतला आहे. वायव्य सरहद्दीवरील त्या युद्धात वॉल्टर बीव्हर या लष्करी शल्यचिकित्सकाने क्ष-किरण यंत्र छावणीत नेले आणि जखमींच्या शरीरातील गोळ्यांचा ठाव घेतला. चित्र काढणारे, पाहणारे आणि गोळी काढणारे एकाच छावणीत होते. गोळी कुठे आहे हे बोटाने दाखविता येत होते. जिथे अंतर नसते तिथे लेखन जन्माला येत नाही. पत्र तेव्हाच लिहिले जाते, जेव्हा वाचणारा समोर नसतो.

४/
आणि पहिले अहवाल खरोखरच पत्रे होती. १८९६ साली न्यूयॉर्कमधील डॉ. विल्यम मॉर्टन यांनी एका सहव्यावसायिकाला पत्र लिहून कळविले, की रुग्णाच्या मूत्रपिंडात दखल घेण्याजोगा खडा चित्रात दिसत नाही. आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या अहवालांत या पत्राची गणना होते. मोडी कागद चाळलेल्या वाचकांना ही रचना ओळखीची वाटेल : कोणी लिहिले, कोणाला लिहिले, मिती कोणती, मजकूर काय आणि अखेरीस मोर्तब. यांतील एकही अंग गळाले, की पत्राचे मोल घटते. क्ष-किरणांच्या अहवालालाही हाच नियम लागू आहे.

५/
पत्रांची संख्या वाढली तशी अडचण उद्भवली. एकच गोष्ट प्रत्येक डॉक्टर आपापल्या शब्दांत लिहू लागला. ‘छाया’, ‘डाग’, ‘धूसरता’ यांचा अर्थ लिहिणाऱ्याच्या मनात एक आणि वाचणाऱ्याच्या मनात दुसरा. १९२२ साली अमेरिकेतील डेट्रॉइटचे प्रेस्टन हिकी यांनी लेख लिहून मागणी केली, की क्ष-किरण अहवालांची भाषा आणि रचना प्रमाणित व्हावी. म्हणजे क्ष-किरणांचा शोध लागून तीस वर्षेही झाली नव्हती, तोच यंत्रापेक्षा वाक्याची चिंता सुरू झाली होती. शंभर वर्षांनंतरही रेडिओलॉजीच्या परिषदांतून हाच विषय चर्चेला असतो.

६/
येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याला एक समांतर रेषा दिसते. तिराहची मोहीम आटोपली त्याच वर्षी, १८९८ मध्ये, वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध झाला. अस्सल कागद कोणता आणि त्यावरून रचलेले कथन कोणते, हा भेद राजवाड्यांनी मराठी वाचकाच्या मनावर ठसविला. रेडिओलॉजीचा चांगला अहवाल नेमका हाच भेद पाळतो. त्याचा एक भाग निरीक्षणांचा असतो : काय दिसले, कुठे, किती मिलिमीटर. दुसरा भाग अभिप्रायाचा असतो : याचा अर्थ काय असू शकतो आणि पुढे काय करावे. निरीक्षण हा पुरावा होय. अभिप्राय हे अनुमान. दोन्ही एकत्र कालविले, की पुढच्या डॉक्टरला अनुमानच पुरावा वाटू लागते आणि बखरीचा इतिहास होतो.

७/
पण संवाद एकतर्फी नसतो. चित्र काढण्यापूर्वी उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीही एक चिठ्ठी लिहिलेली असते आणि तिच्यात जो रकाना सर्वांत महत्त्वाचा, त्याला दवाखान्यात चक्क ‘हिस्टरी’ म्हणतात. खोकला किती दिवसांचा? वजन घटले काय? पूर्वी क्षय झाला होता काय? यांतले काहीच न लिहिता केवळ ‘छातीचा एक्स-रे’ एवढेच लिहिलेली चिठ्ठी म्हणजे सापडल्याचे ठिकाण न नोंदविता संग्रहालयात आणून ठेवलेले नाणे. नाणे खरे असते, पण ते बोलत नाही. फुप्फुसाच्या वरच्या भागातील तोच डाग जुन्या, बऱ्या झालेल्या क्षयाचा व्रण असेल किंवा नव्या आजाराची सुरुवात. अनेकदा निवाडा चित्रातून होत नाही, हिस्टरीतून होतो.

८/
आता एक प्रसिद्ध प्रयोग. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत प्रश्न पडला, की क्षयाच्या सामूहिक तपासणीसाठी कोणती फिल्म उत्तम : लहान की मोठी, कागदी की सेल्युलॉइडची? चार पद्धतींनी चित्रे काढली गेली आणि पाच तज्ज्ञांनी ती स्वतंत्रपणे वाचली. १९४७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि प्रश्नच बदलून गेला. चार पद्धतींमध्ये जितका फरक होता, त्याहून अधिक फरक वाचणाऱ्यांमध्ये निघाला! तेच चित्र काही काळाने पुन्हा दाखविल्यावर एकाच तज्ज्ञाचे दुसरे वाचन पहिल्याशी जुळेना. १९४९ साली एल. हेन्री गार्लंड यांनी हा विषय व्यवसायापुढे निर्भीडपणे मांडला. ‘फोटोत दिसलं’ हे आपण अंतिम वाक्य समजतो. त्या दिवसापासून ते एका व्यक्तीचे वाचन ठरले आणि म्हणूनच कोणी वाचले, कशाच्या आधारे वाचले, याची नोंद अत्यावश्यक झाली.

९/
हा वाद दूरदेशीचा राहिला नाही. १९५५ ते १९५८ या काळात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने क्षयाचे राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण केले. फिरत्या क्ष-किरण गाड्या खेडोपाडी गेल्या. क्षय हा मुख्यतः शहरांचा आजार असल्याची समजूत या पाहणीने मोडली. ग्रामीण भागातही तो जवळपास तितकाच आढळला. पुढे १९५९ साली बंगळुरूला राष्ट्रीय क्षयरोग संस्था उभी राहिली आणि १९६२ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्या आखणीत खर्चाचे गणित होते, तसेच चित्रवाचनातील मतभेदांचेही भान होते. जिल्हा केंद्रात क्ष-किरण यंत्र राहिले, पण परिघावरच्या दवाखान्यांत भर दिला गेला तो थुंकीच्या सूक्ष्मदर्शक तपासणीवर. पुढील अनेक दशके आपल्या क्षयधोरणात थुंकी पुढे आणि फोटो मागे राहिला, त्याचे एक मूळ येथे आहे.

१०/
चक्र आता पुन्हा फिरले आहे. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केली, की क्षयाच्या चाळणीसाठी पंधरा वर्षांवरील व्यक्तींच्या छातीची चित्रे मानवी वाचकाऐवजी संगणक प्रणालीकडून वाचून घेता येतील. त्या वेळी तपासल्या गेलेल्या प्रणालींत मुंबईत २०१६ साली स्थापन झालेल्या क्युअर डॉट एआय या कंपनीची प्रणालीही होती. डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या देशव्यापी मोहिमेत हातात धरता येणारी क्ष-किरण यंत्रे वापरली गेली. वाचकांत एकाची भर पडली खरी, पण १९४७ चा प्रश्न कायम आहे. यंत्राने ‘संशयित’ म्हटले आणि ते टिपण त्या माणसाच्या घराजवळील दवाखान्यात पोहोचले नाही, तर वाचन अचूक असूनही निष्फळ ठरते.

११/
आता धाग्याचा मध्यबिंदू, आणि तो मुंबईतला आहे. हा कागद कोणाचा? डॉक्टरांचा, रुग्णालयाचा की रुग्णाचा? दीर्घकाळ रुग्णालये केसपेपर ही आपली मालमत्ता मानीत आणि रुग्णाच्या नातेवाइकांना प्रती देण्यास गोपनीयतेचे कारण सांगून नकार देत. नोव्हेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्ही. पी. शांता खटल्यात वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. त्याच सुमारास मुंबई उच्च न्यायालयापुढे ‘रघुनाथ रहेजा विरुद्ध महाराष्ट्र वैद्यकीय परिषद’ हे प्रकरण होते. हा निकाल १९९६ च्या निकालपत्रांत छापला गेला. न्यायालयाने सांगितले, की नातेवाईक केसपेपरच्या प्रती मागत असतील तर गुप्ततेचा दावा करणे समर्थनीय नाही. योग्य शुल्क घेऊन प्रती द्याव्यात. तसे परिपत्रक शासनाने आणि परिषदेने सर्व रुग्णालयांना व डॉक्टरांना पाठवावे.

१२/
या निकालाचे महत्त्व कायद्यापुरते नाही. तोवर वैद्यकीय टिपण हे डॉक्टरांचे डॉक्टरांशी चाललेले संभाषण होते. रुग्ण हा त्या संभाषणाचा विषय होता. येथून तो सहभागी झाला. २००२ साली भारतीय वैद्यक परिषदेच्या आचारनियमांनी ही गोष्ट देशभरासाठी लिहून ठेवली : दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपाव्यात आणि मागणी आल्यास ७२ तासांत द्याव्यात. आज आपण खिडकीवर उभे राहून हक्काने फाइल मागतो, त्या हक्काचे वय जेमतेम तीन दशके आहे आणि त्याचे एक पाळणाघर फोर्टमधील उच्च न्यायालयाची इमारत आहे.

१३/
महाराष्ट्राने या इतिहासात आणखी एक पान जोडले आणि ते वेदनादायक आहे. सोनोग्राफीचे चित्र पडद्यावर आल्यापासून एक निरोप तोंडी, खुणेने, कधी मिठाईच्या रंगाने दिला जाऊ लागला : मुलगा की मुलगी. १९८० च्या दशकात मुंबईतील कार्यकर्त्यांनी त्याविरुद्ध मोहीम उभारली आणि १९८८ साली गर्भलिंगनिदानाच्या वापरावर निर्बंध घालणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तो १९९६ पासून अमलात आला. त्याच्या नियमांत ‘फॉर्म एफ’ आहे : गर्भवतीच्या प्रत्येक सोनोग्राफीसोबत भरायचे टिपण, ज्यात तपासणीचे कारण लिहायचे आणि लिंग सांगितले नाही असे डॉक्टरांनी लिहून द्यायचे. इतर सर्व टिपणे काय कळविले हे नोंदवितात. हे टिपण काय कळविले नाही, हे नोंदविते.

१४/
आकडे पाहा. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात १९९१ साली ९४६ मुली होत्या, २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४. कायदा होता, तरी घसरण सुरू राहिली. २००० साली ‘सेहत’ आणि पुण्याची ‘मासूम’ या संस्था डॉ. साबू जॉर्ज यांच्यासह सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा कोठे अंमलबजावणीला जोर आला. २००३ साली कायद्यात दुरुस्ती झाली. अर्जातील त्रुटी हाच गुन्हा मानण्याला रेडिओलॉजिस्ट आणि स्त्रीरोगतज्ज्ञांचा आक्षेप होता : एक रकाना रिकामा राहिला म्हणून केंद्राला टाळे का? तक्रार निराधार नव्हती. तरीही २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरविली. कारण या गुन्ह्यात साक्षीदार नसतो. बंद खोलीत काय बोलले गेले याचा मागमूस लागला तर त्या कागदावरच.

१५/
याच कायद्याने आणखी एक गोष्ट घडविली. सोनोग्राफी केंद्रात गर्भलिंगनिदान केले जात नाही, हा फलक इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेत लावणे सक्तीचे झाले. मुलुंडपासून गडचिरोलीपर्यंत हे मराठी वाक्य भिंतीवर आहे. त्याच भिंतीखाली रुग्णाच्या हाती दिला जाणारा अहवाल मात्र बहुधा संपूर्ण इंग्रजीत असतो. म्हणजे काय सांगणार नाही ते मराठीत आणि काय सापडले ते इंग्रजीत! पूर्वी मोडी वाचणारा कारकून गावात एखादाच असे आणि लोक कागद घेऊन त्याच्या दारी जात. आज शेजारच्या इमारतीत कोणी मेडिकलला शिकणारा मुलगा असला तर लिफाफा घेऊन त्याच्याकडे लोक जातात. लिपी बदलली, परावलंबन तेच. अभिप्रायाच्या दोन ओळी मराठीत लिहिणे हे भाषाभिमानापेक्षा रुग्णसुरक्षेचे काम आहे.

१६/
तंत्रज्ञानाने अंतर मिटविले काय? काही अंशी. १९८० च्या दशकारंभी प्रत्येक कंपनीचे यंत्र आपल्याच खाक्यात चित्र साठवी. एका यंत्राचे चित्र दुसऱ्याला उघडत नसे. १९८३ साली अमेरिकेतील रेडिओलॉजिस्टांची संघटना आणि यंत्रनिर्मात्यांची संघटना एकत्र बसल्या. १९८५ साली पहिले प्रमाणक आले आणि १९९३ पासून ते ‘डायकॉम’ या नावाने ओळखले जाऊ लागले. त्यामुळेच मुलुंडच्या केंद्रातील सीडी परळच्या संगणकावर उघडते. चित्रासोबत रुग्णाचे नाव, तारीख आणि तपासणीचा प्रकार त्याच फायलीत गुंफलेला असतो. फिल्म एकाची आणि लिफाफा दुसऱ्याचा, ही जुनी गफलत त्यामुळे पुष्कळ टळली.

१७/
यापुढची पायरी सामाईक टिपणाची. एकाच तपासणीखाली रेडिओलॉजिस्ट, उपचार करणारे डॉक्टर आणि शल्यचिकित्सक आपापल्या नोंदी तारीखवार लिहितात आणि सर्वांना त्या दिसतात. याचे मोल एका काल्पनिक उदाहरणाने पाहा. समजा, सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसात सहा मिलिमीटरची घट्ट गाठ दिसली. एकट्या चित्रावरून रुग्णाची झोप उडेल. पण दोन वर्षांपूर्वीच्या स्कॅनखाली ‘तीच जागा, सहा मिलिमीटर’ अशी नोंद सापडली, तर चित्र बदलते. इतका काळ न वाढलेली अशी गाठ सामान्यतः निरुपद्रवी मानली जाते. याउलट जुनी नोंद तीन मिलिमीटरची असेल, तर तीच गाठ तातडीची ठरते. सहा हा आकडा दोन्हीकडे समान आहे. निर्णय मागच्या टिपणाने फिरविला. जुना कागद नसेल, तर तपासणी पुन्हा, किरणांचा मारा पुन्हा आणि खर्चही पुन्हा.

१८/
तरीही इतिहास सावध करतो. लिहिणे आणि कळविणे एक नव्हे. १९९१ साली अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने संवादाचे स्वतंत्र मार्गदर्शन जारी केले. त्याचा गाभा असा, की तातडीचा निष्कर्ष असेल तर अहवाल पाठवून थांबू नये. डॉक्टरांशी थेट संपर्क साधावा आणि संपर्क झाल्याचेही नोंदवावे. आपल्याकडे आज हे काम बरेचदा व्हॉट्सअ‍ॅपवर होते : फिल्म खिडकीच्या उजेडात धरायची, मोबाइलने टिपायची, पाठवायची. वेगाच्या दृष्टीने हे वरदान आहे. पण त्या फोटोत अनेकदा नाव नसते, तारीख नसते, डावी-उजवी बाजू कळत नाही आणि डॉक्टरांचे उत्तर केसपेपरवर कधीच उतरत नाही. मिती नसलेल्या पत्रापुढे इतिहासकार जसा हतबल होतो, तसाच पुढचा डॉक्टर होतो.

१९/
सरकारी पातळीवर १५ ऑगस्ट २०२० रोजी राष्ट्रीय डिजिटल आरोग्य मोहिमेची घोषणा झाली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये ‘आयुष्मान भारत डिजिटल मिशन’ म्हणून ती देशभर लागू झाली. ‘आभा’ क्रमांकाशी अहवाल जोडावेत आणि रुग्णाच्या संमतीने ते कोणत्याही रुग्णालयात उघडावेत, ही तिची कल्पना. यात जुने सर्व प्रश्न एकत्र भेटतात. संमती कोण देणार, ती कोणत्या भाषेत समजावणार, शब्दांचा अर्थ सर्वत्र एकच राहणार काय आणि टिपण कोणी वाचले याचा माग राहील काय? हिकी, गार्लंड, रहेजा निकाल आणि फॉर्म एफ हे चार धडे विसरून बांधलेली प्रणाली हा केवळ वेगवान लिफाफा ठरेल.

२०/
वाचकहो, आपण किल्ल्यांचे शिलालेख वाचतो, सनदा जपतो. घरातल्या क्ष-किरणांच्या लिफाफ्यांनाही तोच न्याय लावा. चार कामे करा : प्रत्येक अहवालावर तारीख आहे ना पाहा, कागद कालक्रमाने लावा, नव्या तपासणीला जाताना जुनी चित्रे सोबत न्या आणि ‘आधीच्याशी तुलना करून लिहाल का?’ असे विचारा. अभिप्रायाच्या ओळींचा अर्थ मराठीत समजावून घेतल्याशिवाय खोलीतून बाहेर पडू नका. हे विचारणे उद्धटपणा नाही. त्यासाठी मुंबईच्या न्यायालयात लोक झगडले आहेत.

तुमच्या घरात सर्वांत जुना अहवाल कोणत्या साली लिहिलेला आहे? त्याची भाषा कशी आहे, हस्ताक्षरात आहे की टंकलिखित? खाली साल आणि वर्णन जरूर लिहा. छायाचित्र टाकणार असाल तर नाव, वय आणि नोंदणी क्रमांक आधी झाका. दप्तर कितीही मोलाचे असले तरी ते कोणाच्या तरी देहाचे आहे. लेखनसीमा.